रांजणातली मरियामाता

माझ्या नोकरीला मराठीत धड शब्द नाही. चर्चच्या कागदावर 'कॅटेकिस्ट' असं लिहायचे. केज तालुक्यातल्या आमच्या वस्त्यांवर तो शब्द कोणाच्या तोंडात बसला नाही, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. शाळेतल्या मास्तरला निदान पोरं भितात, मला कोणीच भीत नव्हतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या व्यवसायाविषयी लिहा" म्हटलं तेव्हा मला हसूच आलं. व्यवसाय कसला? एक सायकल, एक प्रार्थनेचं पुस्तक आणि वाद घालून घालून बसलेला घसा, एवढंच माझं भांडवल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या फादरांकडे दोन तालुके होते, त्यामुळे एका वस्तीवर ते महिन्याकाठी एखाद्या रविवारी यायचे. बाकीचे रविवार माझे. प्रार्थना म्हणवून घ्यायच्या, बाप्तिस्मा घेणाऱ्यांना धर्म शिकवायचा, मेलेल्याला माती द्यायची, नवरा-बायकोची भांडणं सोडवायची आणि टँकर आला नाही की तहसीलला अर्ज लिहायचा. मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, ती मात्र फादरांनीच करायची. लग्नातली धावपळ सगळी माझी आणि मंगलाष्टकं त्यांची, असा तो मामला होता.

या नोकरीत मला उपाशीपोटी फिरण्याचा त्रास झाला नाही, उन्हाचा झाला नाही. त्रास झाला तो एका प्रश्नाचा. नव्या माणसाला धर्म शिकवायला बसलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो यायचाच: "मास्तर, मरियामाता देव हाय का न्हाई?"

उत्तर अगदी सोपं आहे. नाही. ती येशूची आई, बाई माणूस, आपल्यासारखीच. देव एकच. पण हे सांगताना माझ्या मागे कोनाड्यात मरियेची मूर्ती असायची, तिच्यापुढे मेणबत्ती असायची, आणि सांगून झालं की आम्ही सगळे गुडघ्यावर बसून तिचीच माळ जपायचो. मग समोरचा माणूस माझ्याकडे बघायचा आणि मी पुस्तकाकडे बघायचो.

आमचे फादर बस्त्याव वसईचे. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आणि राग आमच्यापेक्षा तयार. त्यांनी पहिल्याच वर्षी माझ्याकडून घोकून घेतलं होतं: आराधना फक्त देवाची, संतांचा सन्मान, आणि मरियेचा विशेष सन्मान. मी ते तसंच्या तसं वस्तीवर सांगितलं. तिथं सगुणाआजी बसली होती. वस्तीतली सगळ्यांत थोरली बाई. बाप्तिस्म्यात तिचं नाव आग्नेस ठेवलं होतं, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून बघत नसे.

"आराधनेला गुडघे टेकायचे?" तिनं विचारलं.

"टेकायचे."

"आन् सन्मानाला?"

"टेकले तर चालतात."

"मंग दोन्हीत फरक काय ऱ्हायला?"

"फरक मनात असतो, आजी."

"मन तुमाला दिसतं व्हय मास्तर? मंग माझ्या मनात कावून शिरता?"

सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी घरी आल्यावर दोन दिवस त्याच्यावर विचार केला आणि मला एक दाखला सुचला. आमच्या भागात पाऊस नाही, पण सहकार भरपूर. दूध संस्था आहे, सोसायटी आहे, लांबच्या साखर कारखान्यांना आमचीच माणसं ऊस तोडायला जातात. तेव्हा मी म्हणालो, "हे बघा, कारखान्यात काम असलं तर तुम्ही थेट चेअरमनकडे जाता का? नाही. ओळखीच्या माणसाला सांगता. तो तुमच्या वतीनं शब्द टाकतो. मरिया तशी आहे. चेअरमन देव. काम करणारा देवच."

हा दाखला वस्तीला इतका पटला की मी स्वतःवर खूश झालो. पुढच्या रविवारी एका म्हाताऱ्यानं तो फादरांनाच ऐकवला. मिस्सा संपल्यावर फादरांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, देवाच्या दरबारात वशिला नसतो."

"मग मरिया काय करते, फादर?"

"विनवणी करते."

"आणि वशिल्यात काय करतात?"

फादरांनी फटफटीला किक मारली आणि निघून गेले. मी काही दाखला बदलला नाही.

संतांचं तर विचारूच नका. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आमच्यात संत आंतोनला सांगतात. हे नांदूरघाटच्या बाजारात कसं पसरलं कोण जाणे. एक दिवस धनगराचा एक माणूस खांद्यावर घोंगडी टाकून दारात उभा. त्याच्या दोन मेंढ्या चुकल्या होत्या.

"तुमचा हारवलेलं शोधणारा देव कोणता त्यो?"

"तो देव नाही, पाव्हणं. तो संत आहे. तो देवाला विनंती करतो."

"म्हंजी तलाठी म्हणा की. असूंद्या. अर्ज लावा."

मी त्याच्यासाठी प्रार्थना म्हटली. पुढच्या बाजारी तो कोंबडा काखेत मारून हजर. मेंढ्या सापडल्या होत्या आणि त्याला आंतोनपुढं कोंबडा कापायचा होता. चॅपेलच्या, म्हणजे वस्तीवरच्या आमच्या छोट्या प्रार्थनाघराच्या पायरीवर मी अर्धा तास त्याच्याशी वाद घातला. आमच्यात बळी चालत नाही, उपकार देवाचे मान, वगैरे. शेवटी तो वैतागला. "काम एकानं केलं, उपकार दुसऱ्याचे, आन् कोंबडा कोणालाच न्हाई. लई अवघड हाय बा तुमचं." कोंबडा घेऊन तो तसाच परत गेला. आजही मला वाटतं, आमच्या धर्माची अडचण एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितली नसेल.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. ते आठवलं की माझं डोकं अजून चालत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी कोरड्या, बोअरमधून नुसती धूळ. दिवाळी झाली आणि निम्मी वस्ती ऊसतोडीला गेली. त्यात माझी एकुलती एक लेक सुशीला आणि जावई होते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, बाई नसेल तर मुकादम अर्धा कोयता मोजतो. सुशीला पोटुशी होती. मी म्हणालो, "तू राहा इथं." ती म्हणाली, "इथं राहून पिऊ काय, दादा? तितं कॅनॉलला पाणी तरी हाय." बाळंतपणाच्या आधी मी तिला आणायला जायचं असं ठरलं. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. सगुणाआजीनंच तिला न्हाऊ-माखू घातलं होतं.

संक्रांतीपर्यंत कोणा ना कोणाच्या तोंडून निरोप यायचा. मग टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली आणि निरोप बंद झाले. कारखाना ठाऊक होता, पण टोळी कुठल्या गावी आहे याचा काही पत्ता नाही. दिवस भरत आले आणि मला जायचं कुठं तेच कळेना.

गावात फोन एकच, दूध संस्थेच्या ऑफिसात. संस्थेचे चेअरमन तिथंच बसायचे. साखर कारखान्यांच्या शेतकी ऑफिसांत त्यांची ओळख होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण टँकर गावात चेअरमनच्या दारातच रिकामा होतो, वस्तीवर येत नाही, असा अर्ज मी तहसीलला केला होता. टँकर वस्तीवर यायला लागला आणि चेअरमनचं माझ्याशी बोलणं बंद झालं. माझंही बंद झालं. मी रोज त्या ऑफिसवरून सायकल नेत होतो आणि रोज पुढं जात होतो. लोकांना वशिल्याचा दाखला देणारा माणूस मी. माझ्यावर वेळ आली तेव्हा माझी सायकल थांबत नव्हती.

उपवासकाळ सुरू होता, म्हणजे ईस्टरच्या आधीचे आमचे व्रताचे दिवस. शनिवारी दुपारी मी चॅपेल झाडायला गेलो, कारण दुसऱ्या दिवशी फादर येणार होते. बघतो तर कोनाडा रिकामा. हातभर उंचीची प्लास्टरची मूर्ती, कडेवर बाळ येशू, ती जागेवर नाही. चोरी झाली म्हणून मी ओरडणार, तेवढ्यात दाराआडचा रांजण दिसला. तो एरवी पालथा असायचा. आता तो काठोकाठ भरला होता, आणि तळाशी मरियामाता उभी होती.

आपल्याकडे देव पाण्यात घालून बसतात, हे वाचकांना सांगायला नको. मनासारखं होईपर्यंत देवाला बाहेर काढायचं नाही, म्हणजे त्याला तरी आपली अडचण कळते. पण ते घरच्या पितळी देवांना ठीक आहे. प्लास्टरची मूर्ती पाण्यात कोण घालतं? आणि तेही अशा दुष्काळात, जिथं माणशी दोन घागरी मिळायची मारामार?

सगुणाआजी पायरीवर बसून माळ जपत होती.

"आजी, हे काय केलंत?"

"दिसतंय की."

"इतकं पाणी कुठून आणलं?"

"घरटी एक तांब्या. कोणी न्हाई म्हणलं न्हाई."

मी कपाळाला हात लावला. "आजी, पाऊस पाडणं मरियेच्या हातात नाही. किती वेळा सांगितलं?"

"पावसासाठी कोण घालील तिला?" म्हातारी माझ्यावरच उखडली. "पाऊस देवाचं काम हाय, त्येला मी येगळं सांगते. हे बाईचं काम हाय. सुशीसाठी ठिवलीय. वाटंवर बाळातीण झाली व्हती ना ती? गोठ्यात? तुमीच सांगितलं. जवळ कोणी बाई न्हाई, आई न्हाई, परमुलखात. पाचटाच्या कोपीत बाळातीण व्हनं काय असतं ते तिला कळतं. देवबापाला काय कळणार?"

मी म्हणालो, "देवाला सगळं कळतं, आजी."

"कळत आसंल. पर झालंय का त्येला?"

मी तिला म्हणालो, उद्या फादर येणार, हे बघितलं तर माझी नोकरी जाईल, मूर्ती मी काढतो. "काढा," ती म्हणाली. "सुशीचे बाप तुमी. तुमाला काढावी वाटली तर काढा."

मी बाही वर केली. हात पाण्यात घातला. पाणी गार होतं, त्या दिवसांत तसलं गार पाणी हाताला लागत नव्हतं. मूर्तीच्या डोक्यापर्यंत बोटं गेली. मला पक्कं ठाऊक होतं की ते प्लास्टर आहे. मूर्ती बाहेर काढल्यानं माझ्या लेकीचं काही बरंवाईट होत नाही, हे मी शेकडो लोकांना शिकवलं होतं. शिकवताना माझा त्याच्यावर विश्वासही होता. आणि माझी बोटं काही मिटेनात. काढली आणि तिकडं काही झालं तर? मी हात तसाच बाहेर काढला, धोतराला पुसला आणि चॅपेल झाडायला लागलो. आजी माळेवरच होती.

दुसऱ्या दिवशी फादर आले. आत शिरताच त्यांना रिकामा कोनाडा दिसला, मग रांजण दिसला. ते वाकून बघत राहिले. मी मागे उभा होतो.

"पावसासाठी?"

"नाही फादर. माझ्या सुशीसाठी."

मला वाटलं आता स्फोट होणार. पण त्यांनी नुसतं विचारलं, "किती दिवस निरोप नाही?" मी सांगितलं. त्यांनी मिस्सा केली, प्रवचन दिलं. प्रवचनात आराधना फक्त एकट्या देवाची हेच सांगितलं, अगदी घसा ताणून सांगितलं, पण रांजणाकडं एकदाही बघितलं नाही. बाहेर आल्यावर मात्र माझा दंड धरला.

"मास्तर, दूध संस्थेत फोन आहे ना?"

"आहे."

"गेलात?"

"चेअरमन आणि मी बोलत नाही, फादर."

"चेअरमनशी बोलायची लाज वाटते, म्हणून बिचारीला पाण्यात उभी केलीत?" ते इतके चिडले होते की त्यांचा आवाज फाटला. "आधी तिकडं जा. आणि मूर्ती…" इथं ते अडखळले. रांजणाकडं बघितलं. "मूर्तीचं नंतर बघू."

मूर्ती आत्ता काढा, असं तेही म्हणाले नाहीत. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, इतकी वर्षं शिकलेला माणूस. का म्हणाले नाहीत, ते मी त्यांना नंतरही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी दूध संस्थेत गेलो. चेअरमन नुकतेच नारायणगडाहून दर्शन करून आले होते, कपाळाला बुक्का होता. मी उभाच राहिलो. त्यांनी खुर्ची दाखवली नाही, पण मी बोलायच्या आधीच फोन पुढं ओढला.

"कारखाना कोणता?"

मी नाव सांगितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"घरात कळलं. आमच्या मंडळींनी मागल्या मंगळवारी तांब्याभर पाणी धाडलंय तुमच्या रांजणाला." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "सगळ्या गावाला ठावं हाय. मलाच कावून सांगितलं न्हाई, मास्तर? मी काय लेकीबाळीचा बाप न्हाई?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही. त्यांनी ट्रंक कॉल लावला, शेतकी ऑफिसातल्या कोणाला तरी दोन शिव्या घातल्या, मुकादमाचं नाव सांगितलं आणि टोळी शोधायला लावली. दोन दिवसांनी दूध घेऊन जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं वस्तीवर येऊन निरोप दिला: सुशीला उसाच्या फडातच, कोपीत बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. टोळीचं काम संपत आलंय, ट्रक निघाला की येतात.

बाळंतपण होऊन आठवडा झाला होता. म्हणजे मी रांजणात हात घातला तेव्हा मुलगी झालेलीच होती. मी हिशेब लावायला लागलो, की मग नेमकं काय कशामुळं झालं. मूर्ती मुलगी व्हायच्या आधीच पाण्यात होती. फोन नंतर झाला. फोन चेअरमननं केला, मला पाठवलं फादरांनी, फादरांचा राग रांजण बघून. आजीला मी हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "तुमी बसा इचार करीत. मी तिला बाहीर काढते."

मूर्ती बाहेर निघाली ती ओळखू येईना. निळा रंग सगळा पाण्यात उतरला होता. नाक झिजलं होतं, बोटं गळाली होती, बाळाचा चेहरा सपाट झाला होता. ते निळसर पाणी आजीनं चॅपेलमागच्या लिंबाला घातलं, एक थेंब वाया जाऊ दिला नाही. मग तिनं पेटीतलं स्वतःचं जुनं मऊ लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. बाळंतिणीला गुंडाळावं तसं तिनं मूर्तीला डोक्यापासून गुंडाळलं. मी फादरांना निरोप पाठवला. त्यांनी कळवलं की मोडकी मूर्ती कुठंही टाकायची नसते, जमिनीत पुरा, नवी मी आणतो.

इथं मी पुन्हा अडकलो. ती नुसतं प्लास्टर असेल तर पुरायची कशाला? आणि नुसतं प्लास्टर नसेल तर इतकी वर्षं मी काय शिकवत होतो? लिंबाखाली खड्डा खणला. बाया जमल्या. मी पुस्तक उघडलं आणि कोणती प्रार्थना म्हणायची ते सापडेना. मयताची म्हणावी तर मेलं कोण?

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. टोळी आली होती. बाया खड्डा सोडून धावल्या. सुशीला उतरली, काळी पडलेली, अर्धी झालेली. तिच्या हातात साखरेच्या पोत्याचा तुकडा होता आणि पोत्यात माझी नात होती. "कपडा व्हता त्यो फाटला, दादा," ती म्हणाली. आजीनं पोतं उलगडलं. लेकराची पाठ पोत्यानं घासून घासून लाल झाली होती, एका ठिकाणी सोलवटली होती.

सगुणाआजी वळली. खड्ड्याच्या कडेला ठेवलेल्या मरियामातेजवळ बसली आणि भराभरा तिचं लुगडं सोडायला लागली.

"आजी! काय करता?" हे मी ओरडलो. मी, मास्तर.

"सरका. लेकराची पाठ सोलवटलीय."

"अहो, पण तिला उघडी..."

"तिला काय व्हतंय? प्लास्टरची हाय ती."

तिनं लुगडं ओढून घेतलं, झटकलं, आणि माझ्या नातीला त्यात गुंडाळलं. लेकरू रडायचं थांबलं. मरियामाता तशीच उघडी, बिनबोटांची, मातीवर आडवी पडली होती. तिच्याकडं बघायला कोणाला सवड नव्हती. मला मात्र तिच्याकडं बघवेना. मी माझं उपरणं काढलं आणि तिच्यावर टाकलं. का टाकलं ते मला सांगता येणार नाही.

माती मीच लोटली, प्रार्थनेशिवाय. हात झटकत आजीजवळ गेलो. नात तिच्या मांडीवर झोपली होती, सुशीला बाजूला भाकरी खात होती. मला राहवेना.

"आजी, ती प्लास्टरची, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग इतके दिवस रांजणात कोण होतं?"

आजीनं लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत थट्टा नव्हती, ती खरोखरच गोंधळली होती.

"मला कावून इचारता?" ती म्हणाली. "मास्तर तुमी का मी?"